गाळलेली ओळ

"गाळायचं नाही हं. एक ओळसुद्धा नाही. मला कळतं."

थोरलीचं हे वाक्य धाकटीच्या कानात इतकं मुरलं होतं, की आताशा मशीनवर पाय ठेवला तरी आधी तेच ऐकू यायचं. त्या दोघी जावा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालायचं. धाकटी मशीनवर आणि थोरली खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत हातशिलाईला. गणवेशांची तुरपाई, कोटांची काजं, बटणं. नजर अधू झाली तशी थोरली काजं बोटांनी चाचपून करू लागली, आणि त्यात खोट काढायची कोणाची बिशाद नव्हती. पण डोळ्यांबरोबर तिचा जीव की प्राण गेला. तिचं वाचन.

आणि वाचन तरी कसलं! बंद खोलीत सापडलेली प्रेतं, चहात घातलेली विषं, पाठलाग, काळ्या जादूची राज्यं, बोलणारे लांडगे, आरशातून पलीकडे निघून जाणाऱ्या राण्या. याखेरीज तिला काही चालायचं नाही. कोणी शहाणपणा करून एखादी गोड संसारकथा आणून दिलीच, तर ती विचारायची, "यात मरतं कोण?"

"कोणी नाही."

"मग एवढी पानं करतात तरी काय?"

तेव्हापासून वाचून दाखवायचं काम धाकटीकडे आलं. दुपारच्या चहाचे कप विसळून झाले की मशीनवर आवरण पडायचं, स्टूल खुर्चीजवळ सरकायचं आणि एक प्रकरण व्हायचं. धाकटी हळू बोलणारी, देवभोळी, नेमाची पक्की. सकाळी देवापुढे हात जोडून दिवसभर खोटं न बोलण्याचा नेम धरायचा आणि निजताना तो पाळला की नाही ते त्यालाच सांगायचं, हे तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. अशा बाईच्या तोंडी सुरे आणि फास. 'त्याने सुरा छातीत खुपसला' हे ती अशा काही आवाजात वाचायची, की थोरलीच्या हातचा दोरा हसून हसून सुटायचा.

"अगं, खून झालाय तिथे. तू काय बाळाला निजवतेयस? तुझा खुनी सुरा चालवण्याआधी हातबीत जोडतो की काय?"

रक्ताचं फार आलं की धाकटी दोनेक ओळी हळूच ओलांडायची. ओलांडायची आणि लगेच 'टक्' व्हायचं. सुई ढकलायची पितळी टोपी थोरलीच्या मधल्या बोटात कायमची. ती खुर्चीच्या हातावर वाजायची.

"गाळलंस."

"तुम्हाला कळतं तरी कसं हो, जाऊबाई?"

"मध्येच श्वास घेतेस. चोरासारखा."

"गाळणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे," धाकटी पुटपुटायची.

"नव्हे ना. त्याच्या शेजारच्या घरात राहतं एवढंच. चल, मागे जा."

मग मागे जाऊन ते रक्त वाचावं लागायचं.

एकदा धाकटीने विचारलंच, "ही भीती मुद्दाम कशाला घरात आणायची?"

थोरली काज घालता घालता म्हणाली, "भीती कसली? या पुस्तकांत एक माणूस गेलं तर सगळं गाव कंदील घेऊन शोधत फिरतं, कसं गेलं, का गेलं, शेवटचं काय बोललं. बाहेर कोण विचारतं गं?"

पुढे पुढे धाकटीलाही चटक लागली. विष माळ्याने घातलं की मोठ्या बहिणीने, या विचारात तिने एका गणवेशाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. थोरलीने त्या चाचपल्या आणि शांतपणे म्हणाली, "माळी नाही. आता उसव."

शेवटचं पुस्तक दीपगृहाचं होतं. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह, तिथे राहणारी थोडीशी माणसं, आणि दिवा लागला की भिंतीवर माणसांपेक्षा एक सावली जास्त. सावली दिसायला लागली आणि पाठोपाठ एकेक जण नाहीसा व्हायला लागला. धाकटी म्हणायची, सगळं त्या सावलीचंच काम. थोरलीला ते मुळीच पटत नव्हतं.

"खुनी तो स्वयंपाकी. सावली बिचारी सांगायला आलीय. तिचं कोणी ऐकून घेत नाही, म्हणून घुटमळते. ऐकलं की जाईल. लाव पैज."

शेवटचं प्रकरण उरलं आणि थोरलीला दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथे डॉक्टरांनी धाकटीला बाहेर बोलावलं. म्हणाले, औषध बदलून बघतो. मग जरा थांबून म्हणाले, पण आशा ठेवू नका, आता काही तासांचाच प्रश्न आहे. धाकटी डोळे पुसून आत गेली.

"काय म्हणाले?" थोरलीने विचारलं.

"औषध बदलून बघतो म्हणाले."

शब्द न् शब्द खरा होता. थोरलीचं मधलं बोट चादरीवरून वर उचललं गेलं. टोपी बोटात नव्हती. बोट क्षणभर तसंच अधांतरी राहिलं आणि मग आवाज न करता खाली आलं. तेवढ्या एका वेळी तिने ते सोडून दिलं.

"शेवट राहिलाय आपला," ती म्हणाली. "वाचून दाखव. मी असले तरी, नसले तरी. आणि गाळू नकोस."

"दाखवीन."

"तोंडदेखलं नको. नेम धर."

"धरला."

उजाडायच्या आत थोरली गेली.

नेम धरला खरा, पण पाळायला हात धजेना. दीपगृहाचं पुस्तक कपाटात गेलं, पितळी टोपी बटणांच्या डब्यात. खुर्ची तेवढी खिडकीशी तशीच राहिली.

पहिल्यांदा टकटक झाली तेव्हा एक गिऱ्हाईक बाई समोर उभी होती. "कापड छान आहे ना हो?" तिने विचारलं. धाकटी म्हणाली, "रंग छान आहे." टक्. बाईने इकडे तिकडे पाहिलं. धाकटीच्या पाठीवरून गार बोट फिरल्यासारखं झालं. तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "पण धुतलं की आटेल." त्यानंतर खोलीत शांतता.

लाकूड वाळलं असेल, असं तिने मनाशी घोकलं. संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि म्हणाला, "डोळे का लाल?" ती म्हणाली, "दिवसभर सुईत दोरा ओवतेय." ओवत होतीच. टक्.

या वेळी नवऱ्यानेही मान वळवली. "खुर्चीला किडा लागला वाटतं. वहिनीच्या आधीची आहे ती."

दुसऱ्या दिवशी बटणं काढायला डबा उघडला तर त्यात टोपी नव्हती. ती खुर्चीच्या हातावर होती, नीट उभी ठेवलेली. धाकटीने भीत भीत उचलली. पितळ ऊबदार होतं, आत्ताच कोणी बोटातून काढल्यासारखं. तिने देवाचं नाव घेतलं, टोपी होती तिथे ठेवली आणि बराच वेळ मशीनच्या चाकाला धरून बसून राहिली.

मग तिने करू नये ते केलं. कपाटातून एक जुनं, दोघींनी कधीच संपवलेलं पुस्तक काढलं, स्टूल सरकवलं आणि वाचायला लागली. प्रेत सापडतं त्या पानावर एक ओळ मुद्दाम सोडली.

टक्.

भीती वाटली, पण भीतीच्या आत काहीतरी गोड होतं. तिने मागे जाऊन ती ओळ वाचली. थोड्या वेळाने आणखी एक गाळली. टक्. पुढे रोज दुपारी हेच चालू झालं. खोटं न बोलण्याचा नेम असलेली बाई लबाडीने ओळी गाळत बसायची, केवळ कोणीतरी आपल्याला पकडावं म्हणून. मध्येच हसायची. "कळलं हो तुम्हाला, कळलं," असं खुर्चीला म्हणायची. कपड्यांची चळत वाढत गेली. निजताना देवाला सांगायची वेळ आली की ती या गोष्टीवरून उडी मारून पुढे जायची, आणि तिथे, अंधारात, पलीकडच्या खोलीतून आवाज यायचा.

हळूहळू तो आवाज बदलला. आधी कसा खणखणीत यायचा, 'पकडलं' म्हटल्यासारखा. आता उशिरा यायचा, दमून. मग काही न गाळताही यायला लागला. ती काज कापत असताना, तांदूळ निवडत असताना. दार वाजवून वाजवून थकलेलं माणूस जसं सवयीने वाजवत राहतं, तसा. खुर्ची सकाळी खिडकीशी असायची आणि दुपारी कपाटाच्या बाजूला वीतभर सरकलेली. ज्या कपाटात दीपगृह होतं, त्या बाजूला.

धाकटीला कळत होतं. शेवट वाचला की ऐकणारी उठून जाणार, आणि मग ही खोली नुसती खोली होणार. नाही वाचला तर ती इथेच, लाकडाला बोट आपटत, ताटकळत. थोरलीने जन्मात कोणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. दिलेल्या तारखेला कपडा तयार असायचा.

नवरा एका सकाळी म्हणाला, "उद्या जुनं सामान घेणारा येतोय. खुर्ची देऊन टाकू. सगळं घर पोखरेल ती."

"ती राहू द्या."

"अगं, पण कशाला?"

"बसायला," धाकटी म्हणाली. टक्. नवरा म्हणाला, "बघ, ऐकलंस?" आणि छत्री घेऊन कामावर गेला.

त्याच दुपारी वाचनालयातले काका आले. अंगाने किरकोळ, बोलायला मोकळे. थोरलीला पुस्तकं तेच निवडून द्यायचे. दारातूनच म्हणाले, "दीपगृहासाठी लोक माझ्या डोक्यावर बसलेत हो. तुमच्या जाऊबाई गेल्या म्हणून इतके दिवस मागितलं नाही. एकेक खून चवीने ऐकणारी बाई. मला म्हणायच्या, मुखपृष्ठावर खुनी छापत जाऊ नका, मजा जाते. जसा काही मीच छापतो." ते हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेवट ऐकला ना त्यांनी?"

"त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं," धाकटी म्हणाली.

टक्.

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत कोणी नव्हतं. हातावरची पितळी टोपी मात्र अजून डुलत होती, भोवऱ्यासारखी, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत थांबली.

"म्हणजे नाही ऐकला," ते म्हणाले.

"नाही ऐकला."

"मग मी उद्या येतो." ते पायरी उतरले, पुन्हा वळले. "ताई, अर्ध्यात सोडलं की फार वाईट वाटतं हो. वाचणाऱ्यालाच कळतं ते. आज उरकून घ्या."

धाकटीने दार लोटलं. मशीनवर आवरण घातलं. हात धुतले, देवापुढे क्षणभर उभी राहिली आणि कपाटातून पुस्तक काढलं. खुणेला घातलेला गणवेशाचा कपटा तसाच होता. स्टूल सरकवून ती खुर्चीसमोर बसली. पण पुस्तक लगेच उघडलं नाही.

"जाऊबाई," ती म्हणाली, "त्या दिवशी एक ओळ गाळली मी. डॉक्टर म्हणाले होते, आशा ठेवू नका. काही तासांचाच प्रश्न आहे. असं म्हणाले होते."

ती वाट बघत राहिली. आवाज आला नाही. खुर्चीची वेताची बैठक मात्र किरकिरली. पाय वर घेऊन, पाठ टेकून थोरली ऐकायला बसायची तेव्हा किरकिरायची, अगदी तशी.

"स्वयंपाकी निघाला तर पैज तुमची," धाकटी म्हणाली.

खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि समोरच्या भिंतीवर खोलीतल्या वस्तूंच्या सावल्या पडल्या होत्या. मशीनची, स्टुलाची, तिची स्वतःची. तिने त्या भिंतीकडे मुद्दामच पाहिलं नाही. कपटा काढून मांडीवर ठेवला, पान सपाट केलं, आणि बाळाला निजवावं तशा हळू आवाजात पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.