मधल्या फळीवरची

मी मदरबोर्ड बोलतेय. नावातच मदर आहे, तेव्हा 'बोलतोय' म्हणणार नाही. खटकेल त्याला खटको.

कॉम्प्युटरचं झाकण उघडलंत की आत पसरलेली काळी पाटी दिसते, ती मी. प्रोसेसर माझ्या मांडीवर बसतो, मेमरीच्या पट्ट्या माझ्या आधारानं उभ्या राहतात, बाहेरची प्रत्येक वायर माझ्याच दारात येते. कौतुक मात्र प्रोसेसरचं. घर चालवणारीचं नाव दारावर कुठे असतं?

कारखान्यात यंत्रांनी माझ्यावर तांदळाएवढे भाग टाचले, भट्टीतून फिरवलं, एका बाईनं भिंगाखाली धरून पाहिलं आणि पुढे सरकवलं. मग खोका, जहाज, गोदाम आणि शेवटी दुकानातली मधली फळी. वरच्या फळीवर महागडे बोर्ड, अंगभर रंगीत दिवे ल्यालेले. खालच्या फळीवर अगदी स्वस्तातले. लोक एक तर वर बघतात, नाहीतर खिशात बघतात. मधल्यांकडे कोण बघतो?

ती मात्र थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घरात तिला तडतडी म्हणतात. घरचा फोटो स्टुडिओ आहे. बाबा फोटो काढतात, त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे तिचे काका, गल्ल्यावर बसतात आणि ती पासपोर्टचे फोटो कापते. व्हिडिओ एडिटिंग तिला उत्तम येतं, पण ते काम बाहेरच्या माणसाकडे जायचं. का? तर "तिला अजून वेळ आहे." हे काकांचं मत, आणि काकांचं मत म्हणजे घराचं मत. शेवटी बाबांनी त्यांच्याकडून एवढं वदवून घेतलं होतं की नवा कॉम्प्युटर ती निवडेल. नीट चालला तर एडिटिंग तिचं. नाही चालला तर कात्री आहेच.

काकाही दुकानात आले होते. त्यांनी वरच्या फळीवरचा बोर्ड हातात घेऊन तोलला, भोपळा तोलावा तसा. "हा घे. वजनदार आहे. दिवे पण आहेत."

"काका, कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली राहणार. दिवे कुणाला दाखवायचे, चपलांना?"

दुकानदाराला एकदम खोकला आला.

"महाग ते चांगलं. मी जग पाहिलंय."

"जग पाहिलंत, आता खोक्याची मागची बाजू पण बघा." तिनं मला उलटं केलं. "मेमरीचे चार स्लॉट. दोन आत्ता भरू, दोन पुढे. व्हिडिओ साठवायच्या एसएसडीला दोन जागा. यूएसबी भरपूर, म्हणजे कॅमेऱ्याचं कार्ड लावायला माऊस काढायला नको. वीज सांभाळणाऱ्या भागांवर जाड पत्रे आहेत, दिवसभर काम केलं तरी तापायची नाही. तुमच्या त्या रोषणाईवाल्यात जास्तीचं आहे ते वायफाय, आणि आपल्याकडे इंटरनेटची वायर टेबलापर्यंत येते. वाचतील ते पैसे ग्राफिक्स कार्डात घालू. व्हिडिओ ते पळवतं, दिवे नाही."

माझं उणंही तिनं झाकलं नाही. "आवाज जेमतेम आहे हिचा, आणि एसएसडीची दुसरी जागा जरा मंद," म्हणाली. मला राग आला नाही. उणं माहीत असूनही ती मला घरी नेत होती.

स्टुडिओत तिनं मला डब्यात बसवलं. एकेक स्क्रू पिळताना श्वास रोखून धरत होती. सगळं आत बसलं तसे काका पुढे झाले. "मागच्या वायरी माझ्याकडे. या स्टुडिओतली प्रत्येक वायर मी लावलीय." एवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती बाहेर गेली.

मग परीक्षा. बाबा आणि काका तिच्या खुर्चीमागे उभे. शाळेच्या नाटकाचा व्हिडिओ लावला. राजा सिंहासनाकडे निघाला आणि मधेच थबकला. पुन्हा निघाला, पुन्हा थबकला.

"झालं!" काका म्हणाले. "स्वस्त ते स्वस्तच. दुकानदार परत घेतो म्हणालाय. आणा तो खोका."

तडतडी थबकलेल्या राजाकडे बघत राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

"दादा, चहा तरी होऊ दे," बाबा म्हणाले.

तेवढ्या वेळात ती टेबलाखाली शिरली, डब्याचं झाकण काढलं. माझ्या पत्र्यांवर हात ठेवला. कोमट. प्रोसेसर चांगलाच गरम. ग्राफिक्स कार्डाला बोट लावलं आणि चमकली. "हे गारढोण कसं?" मग मोबाईलचा टॉर्च घेऊन डब्याच्या मागे डोकावली.

मॉनिटरची वायर माझ्यात लावलेली होती! ज्यांच्याकडे कार्ड नसतं त्यांच्यासाठी चित्राचं एक दार माझ्याकडेही असतं. पण तिथे वायर लावली की चित्राचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो, आणि एवढं पारखून आणलेलं कार्ड हातावर हात ठेवून बसतं.

"काका, ही वायर कुणी लावली?"

"मीच. वीस वर्षं तिथेच लावतोय."

"जुन्या कॉम्प्युटरला तेवढं एकच भोक होतं! नवीन कार्डाचं खाली आहे."

"मग त्यांनी लिहायला नको?"

"लिहिलंय. पुस्तिका तुमच्या कपाखाली आहे."

बाबांना ठसका लागला. काकांनी कप उचलला, पुस्तिकेवरचं गोल ओलं वर्तुळ पाहिलं आणि कप पुन्हा तिथेच ठेवला.

तिनं वायर खाली लावली, मला पुन्हा सुरू केलं. कार्डाचा पंखा घुं करून उठला. राजा तडक चालत गेला आणि सिंहासनावर बसला.

काका उठून गल्ल्यावर गेले, आमच्याकडे पाठ करून त्यांनी फोन लावला. "हां, मी बोलतोय. नाही, यापुढे काही पाठवणार नाही. एडिटिंग आमची पोरगी करते. हो, हो, आमचीच."

चूक झाली, असं ते आजवर म्हणालेले नाहीत. उलट गिऱ्हाइकांना सांगतात, "बोर्ड मी स्वतः पारखून आणला." ती दातओठ खाते. पण पासपोर्टचे फोटो आता काका कापतात, चष्मा नाकावर ओढून, आणि थोडे तिरकेच. ती त्यांना हसते, मग सरळ करून देते.

माझे चारही स्लॉट आता भरलेत. अंगावर थोडी धूळ आहे, तक्रार काही नाही. तुमच्याही घरात एखादी तडतडी काही पारखून आणेल. तिचा खोका परत बांधण्याआधी तिला चहापुरता तरी वेळ द्या.

बरं, तिनं बटण दाबलंय. आजचा व्हिडिओ लांबलचक आहे, बोलत बसायला सवड नाही.