माझ्या वाटीतली चीर

मित्रांनो, मी काळ्या दगडाचा एक दिवा आहे. वयाने फार जुना नाही, पण माझ्यात आता तेल टिकत नाही. असे का झाले, ते सांगतो.

नाशिकजवळ हमरस्त्याच्या कडेला सहादू आणि त्याची बायको अंबूबाई यांची पत्र्याची शेड आहे. पूर्वी ते पाटे-वरवंटे घडवत. घरोघरी मिक्सर आले, तसे ते शोभेचे दिवे करू लागले. सहादूने माझ्या अंगावर कमळाच्या पाकळ्या कोरल्या, तेलासाठी वाटी खोदली. अंबूबाईने मला घासून गुळगुळीत केले आणि बुडाला खुणेच्या तीन रेघा मारल्या. पंचवटीतल्या संतोषच्या दुकानात लोक मला हातात घेऊन म्हणत, "केवढं बारीक काम!" मी फुलून जाई. पण मनात धाकधूक असे. माझ्या वाटीत एक चीर होती आणि ती गुपचूप बुजवलेली होती.

एका बाईंनी मला विकत नेले, आणि माझे तेल त्यांच्या टेबलावर पसरले. संतोष मला घेऊन शेडवर आला.

"अंबूमावशी, हा तिसरा दिवा परत आला. गिऱ्हाईक मलाच लबाड म्हणतंय. असं असेल तर पुढचा माल घेणं जमणार नाही."

अंबूबाई उसळली. "आमचा दिवा गळत नाय! तुमच्या दुकानात बदलला असंल."

तिने मला उलटे केले. तीन रेघा जागेवरच होत्या.

"मग तुमच्याच मानसांनी पाडला," ती म्हणाली. संतोष मला तिथेच ठेवून निघून गेला. सहादू खाली मान घालून छिन्नीला धार लावू लागला.

त्या दिवसापासून अंबूबाईला कुणाचाच भरवसा वाटेना. माल पोचवणाऱ्या दत्तू टेम्पोवाल्याची तिने उलटतपासणी घेतली. शेजारच्या शेडमधल्या बयाबाईने आपल्यावर डाव साधला, असे धरून तिच्याशी बोलणे टाकले. मला सारे ठाऊक होते, पण दगडाला कुठली वाचा?

एके दुपारी तिने दाभणाने माझी वाटी टोकरली. गोंदात कालवलेली दगडाची भुकटी निघाली. तसला गोंद शेडमधल्याच डब्यात होता. तिने मान वर केली. समोर सहादू चहा पीत होता. ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा हिंदकळत होता.

"कवापासून?" तिने विचारले.

"दिवाळीपासून. वाटी खोदताना छिन्नी घसरती. तुला कळलं तर काम सोडायला लावशील, म्हून बुजवत गेलो."

अंबूबाईने मला खाली ठेवले. "आन् मी साऱ्या जगाला चोर ठरवलं."

दुसऱ्या दिवशी तिने संतोषला तीन नवे दिवे नेऊन दिले आणि त्याची माफी मागितली. दत्तूची मागितली. बयाबाईकडे जायला मात्र तिला आणखी चार दिवस लागले. आता वाट्या ती खोदते. सहादू शेजारी बसून सांगतो, "हळू. आवाज बद्द आला की थांब, नायतर चीर पडंल."

मित्रांनो, तडा गेलेली वस्तू झाकून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. आणि घरातल्या कुणाचा हात थरथरताना दिसला, तर बाहेरच्यांवर बोट रोखण्याआधी तो हात आपल्या हातात घ्या.