बाळासोंची एकवीस दिवसांची सवय

मी झारी. हिरवी, प्लास्टिकची, पाच लिटरची. तोंड मोठं हाय, पण बोलता येत न्हाय. सगळी भानगड तिथंच झाली.

माझा जन्म साच्यातला. एका दिवसात चारशे बहिणी निघालो. पुढं कोल्हापुरात एका दुकानासमोर दोरीला लटकलेली असताना झुंबरबाईंनी मला मडक्यासारखं टकटक वाजवून बघितलं आणि घरी आणलं.

झुंबरबाईंची शिस्त कडक. सकाळी चहाच्या आधी पायरीजवळच्या पानवेलीला अर्धी झारी पाणी, आणि दुपारी जेवण झालं की वेलीची पानं लावून एक विडा स्वतःला, एक नवऱ्याला. आठ वर्षं खाडा न्हाय. नवरा म्हणजे बाळासो. रिटायर झाल्यापासनं त्यांना एकच सवय, 'बघू की' म्हणायची.

मग चंदगडच्या बहिणीचा पाय मोडला. झुंबरबाई महिनाभर निघाल्या. दारातनं म्हणाल्या, "अवो, मी आले की आठ दिवसांत आपल्या तेजस्वीचा साखरपुडा. विडे घरच्या पानांचे देणार म्हणून पावण्यांना शब्द दिलाय. वेल वाळली तर माझी मान खाली जाईल."

"बघू की."

"बघू नका. पाणी घाला!"

पुण्यातनं लेकीचा, तेजस्वीचा फोन आला. "पप्पा, एकवीस दिवस रोज त्याच वेळेला एकच काम केलं की सवय लागती. चूळ भरली की झारी उचलायची. आणि मला रोज फोटो."

पहिल्या सकाळी बाळासोंनी चूळ भरली, मला उचललं आणि पानवेल ओलांडून थेट कुंपणाकडं गेले. तिथं गुळवेल होती. कुणी न लावता आलेली, कुणी न विचारता चढलेली. पानं दोन्हींची बदामासारखी, एवढंच साम्य. पण ह्या माणसानं आठ वर्षं पान खाल्लं ते लावून हातात आलेलं. ते कुठनं तोडत्यात, हे बघायची वेळच कधी आली न्हवती.

मी तोंड वाकडं केलं. ते मूळचंच वाकडं. फरक पडला न्हाय.

फोटो गेला. फोटोत फक्त मी आणि पाणी. तेजस्वीनं अंगठा दाखवला.

पाचव्या दिवशी बाळासोंनी गुळवेलीची दोन पानं तोडली, चुना लावला, कात टाकला, सुपारी घातली. शेजारचा केरबा आलता, त्यालाबी दिलं.

"कसं हाय?"

"नाद खुळा!" असं म्हणून केरबा घराच्या मागं गेला आणि चूळ भरूनच परत आला. त्यानंतर आलाच न्हाय.

बाळासो मात्र रोज खायचे. डोळ्यांत पाणी यायचं, पण खायचे.

एकविसाव्या दिवशी गुळवेल गच्चीला पोचली. पानवेलीची काडी झालती. बाळासो तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे.

महिना भरला आणि झुंबरबाई आल्या. त्यांनी टॉवेल उचलला.

"हे काय?"

"काठी."

"आणि वेल?"

बाळासोंनी कुंपणाकडं छाती काढून हात केला. "चढली बघ कशी! एक दिवस खाडा न्हाय."

झुंबरबाईंनी त्या वेलीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. "हिची पानं खाल्लीसा?"

"रोज."

"कडू लागली न्हाईत?"

"लागली की. मला वाटलं, तू न्हाईस म्हणून."

झुंबरबाईंनी ओरडायला तोंड उघडलं. मग पायरीवर बसल्या. "आता पावण्यांना काय सांगू? बाजारातली आणून घरची म्हणू?"

बाळासो 'बघू की' म्हणाले न्हाईत.

साखरपुड्याच्या दिवशी पहाटेच ते मला घेऊन एसटीत चढले. मी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "पावणं, झारीचं अर्धं तिकीट काढू काय?" बाळासोंनी खिडकीबाहेर बघितलं. कोडोलीला झुंबरबाईंचं माहेर. मेव्हण्याच्या परसात पानवेल. बाळासोंनी पंचवीस पानं मोजून तोडली, लावायला एक फांदी घेतली आणि सगळं माझ्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

परत आल्यावर "पंचवीस हायत," म्हणाले. झुंबरबाईंनी मोजली. "तेवीसच हायत की."

"दोन चाखली. ह्या बारीला खात्री केली."

झुंबरबाईंना हसू आवरेना. पावण्यांनी विचारलं, "घरची पानं काय?" तर म्हणाल्या, "व्हय की. माहेरच्या घरची."

फांदी पायरीजवळ लावली. चार पानं फुटलीत. पण अजून रोज चूळ भरली की बाळासोंचे पाय मला घेऊन आधी कुंपणाकडंच वळतात. पायरीवरनं हाक येती, "अवो, इकडं!" मग आम्ही वळतो. तोवर अर्धी झारी गुळवेलीनं पिलेली असती. ती आता गच्ची ओलांडून केरबाच्या पत्र्यावर गेलीया.

एक विनंती हाय. सवय एकवीस दिवसांत लागती. मोडायला किती दिवस लागतात, ते तेजस्वीनं सांगितलेलं न्हाय. कुणाला माहीत असलं तर बाळासोंना फोन करा. पण सकाळी सहाच्या आत. एकदा चूळ भरली की ते कुणाचं ऐकत न्हाईत.