फॉरमॅट करू का?

जळगाव जामोदच्या कंप्युटर सेंटरात समताचा जीव खालीवर होत होता. नवऱ्याच्या मारहाणीचे फोटो वकिलाला पाठवायचे होते. नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून तिने आपल्या लिनक्सच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हला पासवर्डचं कुलूप घातलं होतं. इथल्या विंडोजला ते कुलूप ओळखताच येईना; स्क्रीनवर नुसतं 'फॉरमॅट करू का?' एवढंच येत होतं.

"पेनड्राइव्ह खराब दिसते, ताई. फॉरमॅट मारतो." दुकानदार हर्षलचं बोट माउसवर गेलंसुद्धा.

"हात नोको लावू!" तिने पेनड्राइव्ह उपटूनच घेतला. "पासवर्ड काऊन नाही मागितला या कंप्युटरनं?"

"उघडायले लागते पासवर्ड. पुसायले कायले लागते, ताई?"

समता तशीच दाराकडे धावली. उरलेले फोटो तसंच कुलूप घातलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर होते, आणि पासवर्डच्या भरवशावर तो तिने घरी, नवऱ्याच्या विंडोजच्या कंप्युटरशेजारीच ठेवला होता.