चेहऱ्याखालची अक्षरं

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलेलं असताना अ‍ॅथल क्रेसवेल लॉन्सेस्टनहून एक भलंमोठं खोकं गाडीत घालून घरी आला, तेव्हा त्याची बायको डल्सी दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते. खोक्यात अमिगा नावाचा संगणक होता. अ‍ॅथल बर्नीच्या कागद गिरणीत फिटर होता, नुकताच निवृत्त झालेला. समुद्रकाठच्या आमच्या अल्व्हरस्टनसारख्या गावात त्या वयाचा माणूस बोट घेतो, नाहीतर बोलिंग क्लबात जाऊन बसतो. याने संगणक घेतला, म्हणून सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं.

तो मात्र कुंपणावर कोपर टेकून मला त्या यंत्राचं कौतुक सांगायचा. इतर संगणकांत म्हणे एकच मेंदू सगळी कामं उरकतो. यात चित्र काढायला वेगळी चिप, आवाजाला वेगळी, चित्रांची ने-आण करायला वेगळी. गिरणीत जसा प्रत्येक यंत्रावर आपला आपला माणूस असतो ना, तसंच. चार आवाज एका वेळी, दोन डाव्या कानाला, दोन उजव्या. रंग तर चार हजारांच्या वर.

"चार हजार रंग," डल्सी आतून म्हणायची, "आणि याचे मोजे बघ, कायम राखाडी."

अ‍ॅथलने त्या यंत्रावर लग्नांच्या व्हिडिओ फिती करायला घेतल्या. संगणकाच्या आत त्याने एक जास्तीचं कार्ड बसवलं होतं. व्हिडिओचं चित्र त्या कार्डातून जायचं, संगणक त्या चित्राशी ताल जुळवून घ्यायचा आणि हलत्या चित्रावर स्वतःची अक्षरं उमटवायचा. पडद्यावर एक रंग पारदर्शक धरायचा. तो रंग असेल तिथून खालचं लग्न दिसतं आणि उरलेल्या जागी अक्षरं. नवरा-नवरीची नावं चर्चच्या पायऱ्यांवरून तरंगत वर जायची. आमच्या किनाऱ्यावर असं कुणी पाहिलं नव्हतं. पुढे पुढे डल्सीच फोन घ्यायला लागली आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागली, की सोनेरी अक्षरं घ्या, गुलाबी फार भडक दिसतात.

मग तिचे कान गेले.

एकदम नाही. आधी फोनवरचं ऐकू येईना, मग चर्चमधलं, मग घरातलं. तिच्या आईचंही असंच झालं होतं. कानातली यंत्रं लावून पाहिली. ती म्हणाली, कुणीतरी डब्यात खडे घालून हलवतंय असं वाटतं. डल्सी म्हणजे आमच्या गल्लीची बोलकी बाई. कुणाचं काय चाललंय ते तिच्याकडून कळायचं. तीच आता चहाला बोलावलं तर डोकं दुखतंय म्हणायची. लोक बोलताना ती हसायची, पण इतरांच्या मागून, त्यांचे चेहरे पाहून.

त्यांचा एकुलता एक मुलगा रॉस डार्विनला होता, बायको जनीन आणि लहानगी टेगन यांच्याबरोबर. देशाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला हे. पूर्वी दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि डल्सी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तासभर बोलायची. आता फोन अ‍ॅथल घ्यायचा. तेव्हा रॉसने कॅमेरा आणला आणि तो फिती पाठवायला लागला. घराचा व्हरांडा, आंब्याचं झाड, टेगनचे पडलेले दात. आणि बोलणं, भरभरून. फीत संपली की अ‍ॅथल डल्सीच्या कानाशी ओरडून सांगायचा, "बरे आहेत सगळे. गरम होतंय म्हणतो."

एकदा ती उसळली. ती बोलायची तेव्हा आवाज केवढा आहे हे तिला कळायचं नाही, त्यामुळे ते सगळ्या गल्लीने ऐकलं. "अर्धा तास त्याचं तोंड हलत होतं, अ‍ॅथल. अर्धा तास. आणि माझ्या वाट्याला 'गरम होतंय'? मी त्याची आई आहे का हवामान खातं?"

अ‍ॅथल फीत काढून घेऊन उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीत, संगणकापुढे जाऊन बसला.

लग्नात अक्षरं लावणं सोपं. नाव एकदा आलं की तरंगतं. माणसाच्या बोलण्याला अक्षरं लावायची म्हणजे निराळंच काम. आधी फीत थांबवत थांबवत एकेक वाक्य ऐकायचं आणि दोन बोटांनी टाइप करायचं. सगळं झालं की फीत पहिल्यापासून लावायची, दुसऱ्या यंत्रात कोरी फीत घालायची, आणि रॉस वाक्य सुरू करील त्या क्षणी कळ दाबायची, की ते वाक्य त्याच्या छातीवर उमटायचं. एक कळ चुकली की पुढचं सगळं घसरायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. संगणकाचा ताल कधी चुकला नाही. चुकायची ती अ‍ॅथलची बोटं. गिरणीत जाड झालेली. रॉसला त्याने पांढरा रंग दिला, जनीनला हिरवा, टेगनला पिवळा, म्हणजे सगळे एकदम बोलले तरी कोण काय म्हणालं ते कळावं.

पहिली फीत तयार झाली तेव्हा डल्सीने मला हाक मारून नेलं. आम्ही सोफ्यावर बसलो. पडद्यावर टेगन कुत्र्याला आंघोळ घालत होती आणि तिच्या पायांशी पिवळी अक्षरं आली: 'आजी, हा माझं ऐकतच नाही. बाबासारखाच आहे.'

डल्सी हसली. इतरांच्या मागून नाही, आमच्या आधी. अ‍ॅथल दारात उभा राहून तिच्याकडेच बघत होता, पडद्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मग तो शिरस्ताच पडला. फीत आली की अ‍ॅथल मागच्या खोलीत जायचा, आणि तयार झाली की डल्सी ती इतक्यांदा बघायची, की तिला संवाद पाठ व्हायचे. तिने अ‍ॅथलकडून एकच वचन घेतलं होतं: एकही शब्द गाळायचा नाही. रॉस खोकला तर 'खोकतो' असं लिही. शिवी दिली तर शिवी लिही. अ‍ॅथलने ते पाळलं. शिव्यांचं स्पेलिंग तेवढं तो मला विचारायचा.

एका हिवाळ्यात जी फीत आली, तिच्या शेवटी टेगन खेळायला निघून गेली होती आणि रॉस एकटाच कॅमेऱ्यासमोर येऊन बसला होता. तो म्हणाला, "बाबा, पुढचं एवढं लिहू नकोस. टेगनच्या शाळेतून चिठ्ठी आली म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. तिला कमी ऐकू येतंय. वाढत जाईल म्हणाले. घराण्यातून आलं असावं म्हणाले. आईला इतक्यात सांगू नकोस, ती स्वतःलाच दोष देत बसेल."

अ‍ॅथलने ती फीत कितीतरी दिवस तशीच ठेवली. डल्सी विचारायची, तर म्हणायचा यंत्र गरम झालंय. शेवटी त्याने काम पुरं केलं. तो तुकडा कापून टाकता आला असता. पण मुलाचा चेहरा एवढ्या जवळून दिसत होता, तो कापायला त्याचा हात होईना. म्हणून त्याने चेहरा ठेवला आणि खाली दुसरीच अक्षरं घातली. यंत्राला काय, ते कुठल्याही चेहऱ्याखाली कुठलीही अक्षरं लावतं. 'यंदा पाऊस फार झाला. छपराला गळती लागली होती. आता दुरुस्त केलंय.'

डल्सीने फीत पाहिली. शेवट आला, तो पुन्हा मागे नेऊन पाहिला. मग टीव्ही बंद केला आणि मागच्या खोलीत गेली. त्या खोलीत ती एरवी कधी जायची नाही, तारा पायात येतात म्हणून.

"छपराबद्दल बोलताना रॉस असा दिसत नाही," ती म्हणाली. "काय म्हणाला तो?"

अ‍ॅथलने नकारार्थी मान हलवली. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.

"तू एकट्याने ऐकून एकट्याने कुढायचं, आणि मी आनंदात राहायचं, असं ठरलंय का तुम्हा बाप-लेकांचं? टाइप कर."

त्याने मूळ फीत लावली. चित्र संगणकातून सोडलं आणि ते पुढे सरकत असताना, तिच्या देखत, तो एकेक शब्द टाइप करत गेला. तो हळू आणि रॉस भरभर. रॉसचं बोलून व्हायचं आणि अक्षरं मागून यायची. त्याला दोनदा फीत थांबवावी लागली. 'टेगनला कमी ऐकू येतंय.' 'घराण्यातून.' 'आईला सांगू नकोस.' पांढरी अक्षरं मुलाच्या छातीवर एकामागून एक उभी राहिली.

हे सगळं डल्सीने मला नंतर सांगितलं. त्या दुपारी मी फक्त एवढंच पाहिलं, की ती बाहेर आली आणि वाळलेले कपडे काढू लागली. दोरीवरचं सगळं काढून झालं, घड्या झाल्या, तरी ती टोपलीपाशी उभीच. अ‍ॅथल पायरीवर बसला होता. तो तिच्याजवळ गेला नाही, आतही गेला नाही. बऱ्याच वेळाने ती येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"माझ्या आईने मला दिलं, मी हिला दिलं," ती म्हणाली. "रडायचं ते मी रडेन, तू मध्ये पडू नकोस. पण त्या पोरीला आत्ता ऐकू येतंय ना थोडं? मग माझा आवाज घे तिच्यासाठी."

अ‍ॅथलच्या संगणकाला एक छोटी डबी जोडता यायची. तिच्यातून आवाज आत जायचा आणि आकडे होऊन बसायचा. पडद्यावर त्याची वेडीवाकडी रेघ दिसायची. संगणकाच्या मेमरीत जागा अगदी कमी, म्हणून काही सेकंदांचाच तुकडा एका वेळी मावायचा. डल्सी मायक्रोफोनसमोर बसली. स्वतःचा आवाज ऐकून तिला वर्षं झाली होती. आधी ती फार मोठ्याने बोलली, रेघ पडद्याबाहेर गेली. अ‍ॅथलने हाताने खाली, खाली अशी खूण केली. मग ती रेघेकडे बघत बघत बोलायला शिकली. मला तिने मुद्दाम बोलावून दाखवलं. एका जागी रेघेला चार-पाच उंच टोकं आली होती.

"हे काय?" तिने विचारलं.

अ‍ॅथलने कळफलकावर लिहिलं: 'तू हसलीस.'

तिने पडद्यावर बोट ठेवून ती टोकं चाचपली. "बरीच उंच आहेत की."

त्या हिवाळ्यात मागच्या खोलीत जागा उरली नाही. डल्सी माउसने चित्रं काढायला शिकली. गावच्या लेव्हन नदीतला प्लॅटिपस, म्हणजे बदकासारख्या चोचीचा पाणप्राणी, तिने काढला, तो आधी भाजलेल्या बटाट्यासारखा दिसायचा, मग जमला. अ‍ॅथलने त्याची पावलं वेगवेगळी काढून त्याला चालवलं. प्लॅटिपस पाण्यात बुडी मारायचा, डल्सीचा आवाज यायचा, आणि तेच शब्द खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत उमटायचे. टेगन तेव्हा नुकती वाचायला लागली होती. पहिल्या फितीच्या शेवटी डल्सी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, "टेगन, मला अजिबात ऐकू येत नाही. म्हणून माझ्याशी बोलताना लोकांना तोंड माझ्याकडे करावं लागतं. तूही लोकांना तसंच सांगायचं. लाजायचं नाही."

रॉसने फीत पाहिली आणि त्याच दिवशी फोन केला. अ‍ॅथलने घेतला. आम्ही नाताळात येतोय, एवढंच रॉस म्हणाला, असं अ‍ॅथल सांगत होता.

आमचा नाताळ भर उन्हाळ्यात; तेव्हा ते तिघं आले. टेगनच्या दोन्ही कानांत यंत्रं होती, जांभळ्या रंगाची; तिनेच निवडलेली. पहिल्या दिवशी रॉस स्वयंपाकघरात आईशेजारी बटाटे सोलायला बसला. माफी मागायला तोंड उघडलं, तर डल्सीने सुरी त्याच्या हातात दिली.

"मला वाईट बातमी चालते रे," ती म्हणाली. "रिकामं तोंड हललेलं चालत नाही. सोल आता, आणि माझ्याकडे बघून बोल."

बटाटे सोलून झाले तरी ते तिथेच बसून होते.

डेव्हनपोर्टला बहिऱ्या लोकांची खुणांची भाषा शिकवायचे. डल्सीने तिथे नाव घातलं, डार्विनला टेगनने. फितींमध्ये आता हातही बोलू लागले आणि अ‍ॅथलचं काम दुप्पट झालं, कारण बाकीच्यांसाठी हातांचंही भाषांतर डल्सीला विचारून लिहायचं. संगणक बनवणारी कंपनी दरम्यान बुडाली. अ‍ॅथलने होबार्टच्या एका माणसाकडून तसाच एक जुना संगणक सुट्या भागांसाठी आणून ठेवला आणि वर्षानुवर्षं तेवढ्यावर निभावलं. टेगनचं ऐकणं डॉक्टर म्हणाले तसं कमी होत गेलं. ती कुढली नाही असं नाही; पण एकटी कुढली नाही.

एका सुट्टीत, परत निघायच्या सकाळी, सामान गाडीत चढलं तरी आजी-नातीचा पत्ता नव्हता. दोघी धक्क्यावर मासे धरायला गेल्या होत्या. विमान चुकेल म्हणून अ‍ॅथल गाडी धक्क्याच्या टोकाशी घेऊन गेला आणि हॉर्न वाजवत सुटला. मी निरोप द्यायला बरोबर गेले होते.

"कुणासाठी वाजवतोयस, अ‍ॅथल?" मी विचारलं.

तो ओशाळून थांबला. रॉस गाडीतून उतरला आणि धक्क्यावरून चालत निघाला. अर्ध्या वाटेवर तोही थांबला. वाऱ्याने घरघर होते म्हणून टेगनने कानातली यंत्रं काढून खिशात ठेवली होती. दोघी पाठमोऱ्या बसल्या होत्या, गळ पायांखाली दाबून ठेवलेले, आणि चारही हात चालू होते. टेगन काहीतरी सांगत होती, डल्सी मध्येच तिचा हात धरून थांबवत होती आणि स्वतःचंच पुढे दामटत होती.

रॉसने घड्याळ पाहिलं. मग तो तिथल्याच एका खांबाला टेकला आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघत उभा राहिला.