मागच्या टेबलाचा ब्रेकर

सगळी गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. एकटा सख्खा भाऊच म्हणेनासा झाला होता.

दुकान दोघांचं, बाबांनी मागे ठेवलेलं. लांबट, अरुंद खोली आणि मध्ये प्लायवुडची आडभिंत. पुढच्या भागात भाऊ बसे. रेडिओ, चार्जर, अ‍ॅम्प्लिफायर, थोडक्यात ज्याच्या पोटात हिरवी सर्किटची पाटी निघते ते सगळं त्याचं. मागच्या भागात ताई विजेच्या मोटरींचं वाइंडिंग करायची. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढे घेऊन बसवायची, टोकं सुती दोऱ्याने आवळायची, वर वार्निश द्यायचं. बाबा म्हणायचे, तारेतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकत्व येतं, आणि वेढे वाढवले की ते वाढतं. एवढंच शास्त्र आहे, बाकी गाठ नीट बसली पाहिजे. ताईची गाठ नीट बसायची. भावाची कधीच बसली नाही, म्हणून त्याच्या हातात जोडांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री आली आणि ती मात्र त्याला झकास जमली.

विजेचा बोर्ड पुढच्या भिंतीवर, आणि मोटर तपासायचं टेबल मागे. इथलं तिथे दिसत नाही. म्हणून बाबांनी एक नियम घालून दिला होता. मागच्याने तारा जोडाव्यात, पुढच्याने आधी विचारावं, "देऊ?" मागून "दे" आलं तरच स्विच वर करावा. वीज दिसत नाही आणि तिला आपलं ऐकूही येत नाही, तेव्हा तोंड आपणच उघडायचं, असं ते म्हणायचे.

बहीणभावाचं भांडण झालं ते एका कपॅसिटरवरून. लोकांची जमिनीवरून होतात, घरावरून होतात; ज्याच्या हाती जे असतं त्यावरून होतात. कपॅसिटर म्हणजे वीज काढून घेतल्यावरही पोटात थोडी धरून ठेवणारा डबा. त्याला हात लावण्याआधी तो रिकामा करून घ्यावा लागतो. भाऊ म्हणाला, "रिकामा आहे." ताईने हात लावला. रिकामा नव्हता. ताई स्टुलावरून थेट जमिनीवर आली, आणि उठून कपडे झटकून, भरल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "बाबांनी तुला दुकानात घ्यायलाच नको होतं."

तेव्हापासून बोलाचाल बंद. ताईने शब्द मागे घ्यावेत म्हणून भाऊ थांबलेला, आणि आपण न तपासताच बोललो हे भावाने कबूल करावं म्हणून ताई थांबलेली. कपॅसिटर त्याच क्षणी रिकामा झाला होता. ही दोघं चार वर्षं भरलेलीच होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

निरोप गिऱ्हाइकांमार्फत चालत, लेकी बोले सुने लागे अशा थाटात. त्यातही लाँड्रीवाला म्हणजे यांचं टपालखातं. त्याची धुलाईची यंत्रं सारखी बिघडत आणि माणूस स्वभावाने सोशिक होता. "त्यांना सांगा, वार्निश संपलंय," ताई मागून म्हणे. लाँड्रीवाला दोघांच्या मध्ये उभा राहून म्हणे, "वार्निश संपलंय म्हणतायत." भाऊ म्हणे, "ऐकलं मी." हे तो लाँड्रीवाल्याला सांगे.

पण बाबांचा नियम कुणी मोडला नाही. मोटर जोडली की पुढून "देऊ?" येई आणि मागून "दे" जाई. थेट, मध्ये कुणी नाही. ताईला या दोन शब्दांची आस लागलेली असे. हे तिने कुणाला सांगितलं नसतं, पण एकदा तपासून ठणठणीत चाललेली मोटर ती संध्याकाळी पुन्हा टेबलावर घेई, आणि ते काही मोटरच्या काळजीने नव्हे.

आणि एक दिवस भावाने नवा ब्रेकर आणला.

"आता मागच्या टेबलावर वेगळा स्विच बसवतोय," तो लाँड्रीवाल्याला म्हणाला. "त्यांनी तिथेच चालू करावं, तिथेच बंद करावं. कुठे गळती झाली, कुणाला झटका बसायला लागला, तर हा ब्रेकर आपोआप पडेल, वीज तोडेल. विचारायची भानगडच नको."

"विचारायची भानगडच नको म्हणतायत," लाँड्रीवाल्याने सवयीने मागे कळवलं.

ताईने हातातली गाठ करकचून आवळली. वस्तू चांगली होती, हा तिचा खरा संताप. आत लोखंडाचं एक कडं असतं. जाणारी तार आणि येणारी तार, दोन्ही त्यातूनच जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला, तर दोघींचं चुंबकत्व एकमेकांना मारून टाकतं आणि कडं गप्प राहतं. थोडा जरी भलतीकडून, समजा माणसाच्या अंगातून, जमिनीत गेला, की हिशेब जुळत नाही, कड्यावरच्या वेढ्यांना जाग येते आणि खटका पडतो. वेढ्यांचं काम, म्हणजे ताईच्याच जातकुळीचं. नावं ठेवायलाही जागा नाही. ब्रेकरवर एक छोटं बटणही होतं. ते दाबलं की ब्रेकर मुद्दाम पडतो, म्हणजे तो जागा आहे ना ते कळतं.

ब्रेकर पुढच्या बोर्डावर बसला, स्विच मागच्या टेबलावर. ताई स्वतःच स्विच लावी, मोटर फिरे, स्वतःच बंद करी. पुढून सोल्डरचा धूर येई. आठवडाभर तिने भावाचा आवाज ऐकला तो फक्त चार्जरवाल्यांशी बोलताना.

मग तो चहाला गेला असताना ती पुढे गेली आणि त्याच्या खणातून करंट अडवून मोजकाच सोडणारा एक रेझिस्टर उचलला. पिवळा, जांभळा, लाल पट्ट्यांचा. पट्ट्यांचे आकडे बाबांनी दोघांनाही पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. ब्रेकर पाडायला एवढी गळती पुरते, हा भागाकार तिने तारेच्या रिळाच्या पुठ्ठ्यावर करून पाहिला होता. तो रेझिस्टर आणि दारावरच्या घंटीचं एक बटण तिने टेबलाखाली बसवलं. तारांना पीळ दिला, वरून सुती दोऱ्याने नीट गाठ मारली. बटण गुडघ्याने दाबलं की चिमूटभर करंट परतीची तार सोडून अर्थिंगला, म्हणजे जमिनीत जाणार.

दुपारी तिने पंप जोडला, स्विच लावला आणि गुडघा वर केला.

पुढे खटका पडला. पंप थांबला. पुढे स्टूल सरकल्याचा आवाज आला. ब्रेकर पुढच्या बोर्डावर होता आणि तो पुन्हा वर करायचा म्हणजे नियम आलाच.

"देऊ?"

"दे," ताई म्हणाली. आवाज जरा जास्तच पटकन गेला, असं तिला वाटलं.

त्यानंतर ब्रेकर पडू लागला. सकाळी पडे, जेवणानंतर पडे, ताईला उदास वाटलं की हमखास पडे. भावाने ब्रेकर विकणाऱ्या दुकानदाराला शिव्या दिल्या आणि ब्रेकर बदलून आणला. नवाही पडला. त्याने मागेपर्यंतची वायर बदलली. तो टेबलाशी गुडघे टेकून वायर ओढत होता तेव्हा ताई पाय जुळवून स्टुलावर बसून राहिली होती. चोराच्या मनात चांदणं. पण त्याने टेबलाखाली पाहिलं नाही.

"दमट हवा असेल," लाँड्रीवाल्याने मत दिलं. हवा कोरडी होती.

एका सकाळी ताईने गुडघा वर केला आणि काहीच झालं नाही. मोटर फिरतच राहिली. तिने पुन्हा दाबलं. टेबलाखालून एक बारीक, तिखट वास आला. ती वाकली. रेझिस्टर काळाठिक्कर पडून मध्ये तडकला होता. तिने पट्ट्यांचे आकडे वाचले होते, पण त्याची जाडी पाहिली नव्हती. इतका करंट सोसायला जाड रेझिस्टर लागतो, आणि तिने काडीएवढा उचलला होता. तारेची जाडी नुसत्या बोटांनी ओळखणारी बाई ही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्याहून वाईट म्हणजे तो वास. तिच्या कामात जळतं ते वार्निश, त्याचा वास जड असतो. जळक्या रेझिस्टरचा वास हा भावाच्या टेबलाचा वास. तो आज मागून यायचं काही कारण नव्हतं. पुढची सोल्डरिंगची इस्त्री स्टँडवर ठेवल्याचा आवाज आला.

आता सापडलो, असं ताईला वाटलं. तो लाँड्रीवाल्याला सांगेल, लाँड्रीवाला सगळ्यांना. हसू होईल ते होईल, पण उरलेले दोन शब्दही गेले. तिने एक तयार पंप उचलला आणि पोचवायला म्हणून बाहेर पडली. गिऱ्हाईक न्यायला येणार होतं, तरी ती पोचवायला गेली.

परतली तेव्हा भाऊ मान खाली घालून एक रेडिओ उघडत होता. लाँड्रीवाला मोटर घेऊन काउंटरशी उभा होता. ताईने ती मोटर घेतली, मागे गेली आणि आधी टेबलाखाली वाकली. आता सगळं काढून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

जळका रेझिस्टर तिथे नव्हता. त्याच्या जागी एक नवा होता, पांढरा, चिनी मातीचा, बोटाएवढा जाड. असा रेझिस्टर माणसाच्या हयातीत जळत नाही. तिने नुसता पीळ देऊन सोडलेले जोड आता कुणी सोल्डरने पक्के केले होते, चकचकीत आणि गोल. वर सुती दोरा पुन्हा बांधला होता. गाठ वेडीवाकडी होती, बाबांनी पाहिली असती तर पुन्हा बांधायला लावली असती.

ताई टेबलाखालीच बसून राहिली. डोळे पुसायला हाताशी वार्निशचं फडकं होतं, ते तिने वापरलं नाही, बाही वापरली. मग उठून स्टुलावर बसली आणि मोटरची तार सोलायला घेतली. गुडघे बटणापासून चांगले लांब होते.

पुढे खटका पडला. टेबलावरचा दिवा गेला.

"अहो, तुमचंच बोट लागलं त्या बटणाला," लाँड्रीवाला पुढे म्हणाला. "मी बघितलं ना."

भाऊ आडभिंतीकडे वळला.

"देऊ?" त्याने विचारलं.

मोटर अजून जोडलेली नव्हती. तारेची दोन्ही टोकं ताईच्या हातातच होती.

"थांब," ती म्हणाली. "जोडते आहे अजून."

"बरं," भाऊ म्हणाला. "थांबतो, ताई."

लाँड्रीवाल्याने सवयीने मागे वळून तोंड उघडलं, आणि मग मिटून घेतलं.