मधुकर फ्रेमबाहेर जातो

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मित्रांनो, मरण माझ्याइतकं जवळून पाहिलेलं या दिंडोशीत दुसरं कोणी नसेल. त्यातली तीन-चार मरणं सोडली तर बाकी सगळी खोटी होती, हेही सांगायला हवं.

माझा जन्म मरोळच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला सिनेमाला सामान पुरवणाऱ्या एका गोदामानं नेलं. वीस वर्षं मी नायकांच्या आयांना आणि खलनायकांच्या बापांना मांडीवर घेतलं. ते खोकत, मान टाकत आणि मग उठून चहा प्यायला जात. आजार म्हणजे चहापर्यंतचा प्रकार, अशी माझी समजूत झाली होती. पुढे बटणावर चालणाऱ्या खुर्च्या आल्या आणि मी धूळ खात पडले. शेवटी इथल्या एका मंडळानं मला आणलं. हे मंडळ आजाऱ्यांना वॉकर, कुबड्या, खुर्च्या वापरायला देतं. तशी मी मधुकरकडे आले.

मधुकर सिनेमात गर्दीतली कामं करायचा. श्वास रोखून पडून राहण्यात त्याचा हात कोणी धरत नसे, म्हणून तीस वर्षं त्याला प्रेताचंच काम मिळालं. आता त्याला पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. त्यातला एक पुढच्या रिपोर्टची वाट बघण्यात गेला.

रतन त्याचा जुना दोस्त. स्टुडिओत कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलायचा. एकदा मधुकर त्याला म्हणाला, "आपण पिक्चर काढू. मोबाइलवर. एक माणूस मरणार असतो, त्याचा दोस्त त्याला हसवत राहतो."

"आणि शेवटी तू मरतोस."

"नाही रे. शेवटी मी चालत फ्रेमबाहेर जातो. तीस वर्षं दरवेळी चौघांनी उचलून नेलंय मला. एकदा तरी स्वतः जाऊ दे ना, यार."

मी थक्क झाले. मरणाच्या दारातला माणूस एवढंसंच मागतो, हे मला नवीन होतं.

हसवाहसवीचे सीन पटापट झाले. राहिला शेवटचा शॉट. मधुकर राहायचा त्या सातव्या मजल्याच्या लांब पॅसेजमध्ये कॅमेरा मागे मागे जाणार, मधुकर चालत पुढे येणार आणि कॅमेऱ्याला ओलांडून जाणार. पण ट्रॉली कुठून आणायची? चाकं माझ्याकडेच होती. म्हणून धडधाकट रतन मोबाइल घेऊन माझ्यावर बसला, मधुकरची बायको नंदा मला मागे ओढू लागली आणि आजारी मधुकर गालांना लाली लावून समोरून चालू लागला.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या शेवंतीबाई लिफ्टमधून चुकून सातव्यावर उतरल्या. रतनला बघून हळहळल्या. "भाऊ, नारळपाणी घेत जा. धीर सोडू नका." मग मधुकरला म्हणाल्या, "तुमच्यासारखा मित्र मिळायला नशीब लागतं हो."

"करतो जमेल तेवढं," मधुकर म्हणाला.

रतननं शेवंतीबाईंना हात जोडले.

पहिला टेक चांगला झाला. रतन म्हणाला, "वन मोअर. कुकरची शिट्टी आली." दुसऱ्याला उजेड बदलला. तिसऱ्याला, "तू फार झकास चाललास, पेशंट वाटत नाहीस." असे आठ टेक झाले. मधुकर भिंत धरून उभा राहिला. रतननं माझा हातदांडा घट्ट आवळला होता, पण ते फक्त मला कळत होतं.

"रतन, शॉटमध्ये कमी काय आहे?"

"काही नाही."

"मग?"

रतन मोबाइल पुसत राहिला. "हा झाला की पिक्चर संपला ना रे."

नंदा मागून म्हणाली, "भावजी, रडायचं तर रडा. पण मोबाइल हलवू नका. त्यांच्यात आता एकदाच चालायचं बळ आहे."

मित्रांनो, नववा टेक मी जन्मभर विसरणार नाही. मधुकरनं भिंत सोडली. तो सावकाश आला, रतनकडे बघून हसला आणि मला ओलांडून गेला. वीस वर्षं मोठमोठे नट मांडीवर घेतले, पण असं चालणं मी पाहिलं नव्हतं. माझी चाकंसुद्धा कुरकुरली नाहीत.

"गेलो का रे बाहेर?" मागून आवाज आला.

"गेलास," रतन म्हणाला. मग मोबाइल खाली घेऊन, "पॅक अप."

बाराव्या दिवशी मधुकर गेला. चौघांनी उचलला. पुढे उजवीकडे रतन होता.

मित्रांनो, आजारी माणसाला खुर्ची जरूर द्या, पण तो उठतो म्हणाला तर आडवे येऊ नका. आणि माझ्यासारख्यांच्या चाकांना अधूनमधून तेल घालत जा.

रतननं पिक्चर जोडून पूर्ण केला. तो अकरा मिनिटांचा आहे. तीस वर्षांत रतनला कॅमेरा कोणी हातात दिला नव्हता, त्यामुळे शेवटच्या शॉटमध्ये मधुकर फक्त कमरेपासून वर दिसतो, चालणारे पाय दिसत नाहीत.